चाळिशीनंतर कोणता चेंडू?

भातकापणी आटोपून मळे मोकळे झाले की कोकणात क्रिकेटचा मोसम सुरू होतो आणि पहिल्या पावसापर्यंत चालतो. गावोगावच्या स्पर्धा, मोहल्ल्यांच्या स्पर्धा, मुंबई-ठाण्यात स्थायिक झालेल्या गाववाल्यांच्या स्पर्धा. गेल्या काही वर्षांत त्यात '४० प्लस' हा प्रकार चांगलाच रुजला आहे. चाळिशी ओलांडलेल्यांचे स्वतंत्र संघ, त्यांचा स्वतंत्र चषक. कुठे कुठे पन्नाशीवाल्यांचेही सामने होतात. मला ही गोष्ट मनापासून आवडते. ज्या वयात आपल्याकडचा माणूस मैदानातून उठतो तो थेट दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसतो, त्या वयात तो पुन्हा बूट घालून धावतो आहे.

पण या सामन्यांच्या तयारीत एक प्रश्न कोणी विचारत नाही. जर्सीचा रंग ठरवायला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस चर्चा होते. चषकाची उंची ठरते, जेवणात काय असावं ते ठरतं, समालोचनाला कोणाला बोलवायचं तेही ठरतं. चेंडू मात्र कोणीतरी बाजारात जाता जाता घेऊन येतो. "कोणता आणू?" "नेहमीचा आण." हा नेहमीचा चेंडू म्हणजे त्या भागातली विशीतली पोरं ज्याने खेळतात तो.

माझं म्हणणं असं आहे की वयस्क हौशी खेळाडूंनी बॅट, बूट, जर्सी या सगळ्यांआधी चेंडूचा विचार करावा. आणि तो निवडताना संघातल्या सर्वात वेगवान गोलंदाजाकडे न बघता सर्वात वयस्क क्षेत्ररक्षकाकडे बघावं. त्याच्या हाताला जो झेपतो, तोच त्या संघाचा चेंडू.

यात काही जगावेगळं नाही. वय आणि शरीर पाहून चेंडू बदलण्याची रीत खेळांत जुनीच आहे. क्रिकेटच्या नियमांच्या २०१७च्या संहितेत पुरुषांचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम वजनाचा सांगितला आहे, स्त्रियांचा १४० ते १५१ ग्रॅम, आणि तेरा वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅम. नुसतं वजनच कमी नाही, घेरही कमी. मुलाच्या पंजात मावेल असा चेंडू दिला म्हणून मुलांचं क्रिकेट खोटं झालं, असं कोणी म्हणत नाही. टेनिसमध्ये तर २०१२पासून दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरताच येत नाही. त्यांच्यासाठी लाल, नारंगी आणि हिरवा असे तीन चेंडू आहेत. लाल सर्वात संथ, हिरवा नेहमीच्या चेंडूच्या सर्वात जवळचा. मूल वाढेल तसा चेंडू वाढत जातो. गोल्फमध्ये चेंडूच्या वजनाची आणि आकाराची मर्यादा सर्वांना एकच आहे, तरी त्या मर्यादेत राहून कंपन्या मऊ गाभ्याचे चेंडू बनवतात आणि हाताचा वेग मंदावलेले बुजुर्ग ते आवडीने घेतात. शिवाय ते पुढच्या टीवरून, म्हणजे कमी अंतरावरून खेळतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

क्रिकेटच्या नियमांनी मुलांचा विचार केला, स्त्रियांचा केला. साठीच्या माणसासाठी मात्र वेगळा चेंडू सांगितलेला नाही. नियमाने तो पुरुष आहे, म्हणून त्याने पंचविशीतल्या माणसाचाच चेंडू खेळायचा. तेव्हा ही निवड आपली आपल्यालाच करावी लागणार. आणि हौशी क्रिकेटमध्ये आपल्याला ती करता येते, कारण इथे चेंडू आयोजक ठरवतात आणि आयोजक आपल्यातलेच असतात.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू. पहिला सीझन बॉल. आत बूच आणि दोऱ्याचा गाभा, वरून चामडं, मधोमध उसवण दिसावी अशी शिवण. दुसरा टेनिस बॉल, आणि त्यातही दोन जाती, लाइट आणि हेवी. लाइट म्हणजे खऱ्या टेनिसच्या चेंडूच्या आसपासचा. खरा टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅम भरतो. हेवीचं रबर जाड असतं, आणि काही हेवी चेंडू त्याच्या जवळजवळ दुप्पट भरतात. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात, रंगही तेच, म्हणून पाकीट नीट वाचलं नाही तर हाती भलताच येतो. तिसरा रबरी चेंडू, आणि त्याचाच भरीव भाऊबंद स्टंपर. हा सिमेंटवर किंवा टर्फवर असा उसळतो की तरण्या पोरांनाही त्याचा अंदाज येत नाही. चौथा टेप बॉल, म्हणजे टेनिस बॉलवर वायरमनची चिकटपट्टी गुंडाळलेला. कराचीच्या गल्ल्यांत हा प्रकार वाढला आणि आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या पोरांनी तो तिकडच्या सुट्टीच्या दिवसांत उचलला. टेपमुळे लव झाकली जाते, चेंडू गुळगुळीत होतो, वजन थोडं वाढतं आणि वेग बराच वाढतो.

या प्रत्येकाचं अंगावर येणं वेगळं असतं. शाळेत शिकलेलं सूत्र आठवा. गतिज ऊर्जा वस्तुमानावर आणि वेगाच्या वर्गावर ठरते. ताशी १०० किलोमीटर वेगाने आलेल्या सीझन बॉलमध्ये त्याच वेगाच्या टेनिस बॉलपेक्षा सुमारे पावणेतीन पट ऊर्जा असते. हे झालं नुसतं वजनाचं. त्यात टेनिस बॉल अंगावर आदळताना दबतो, त्याचा आघात थोड्या जास्त वेळात आणि जास्त जागेत पसरतो. सीझन बॉल दबत नाही, दबावं लागतं ते आपल्या हाडाला. शिवाय टेनिस बॉलची लव हवेला अडते, त्यामुळे हातातून सुटलेला वेग फलंदाजापर्यंत पोचेस्तोवर बराच उतरतो. गोलंदाजाच्या हातापासून बॅटपर्यंतचं अंतर साडेसतरा-अठरा मीटर. ताशी १०० किलोमीटरच्या चेंडूला ते कापायला पाऊण सेकंदही लागत नाही. एवढ्या वेळात डोळ्यांनी बघायचं, मेंदूने ठरवायचं आणि पायांनी हलायचं. विशीत हे तिन्ही एकमेकांचं ऐकतात. पन्नाशीत डोळे आधी बोलतात आणि पाय नंतर ऐकतात.

सीझन बॉल काय करू शकतो याची उदाहरणं द्यायला आपल्याला गल्लीत जावं लागत नाही. १९६२ साली बार्बाडोसमध्ये भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला. जीव वाचला, पण पुन्हा कसोटी खेळता आली नाही. १९९८ साली ढाक्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे असलेले रमण लांबा चेंडू लागून गेले. २०१४ साली सिडनीत हेल्मेट घातलेला फिलिप ह्यूज गेला, वय पंचवीस. ही सगळी रोजचा सराव असलेली, कसलेली माणसं होती. मग आठवडाभर दुकानाच्या गल्ल्यावर किंवा शाळेच्या फळ्यासमोर उभं राहून रविवारी मैदानात येणाऱ्या माणसाने, दोन संघांत मिळून एकच हेल्मेट असताना, तो चेंडू का खेळावा?

मृत्यू हा टोकाचा प्रसंग झाला. रोजचं नुकसान छोटं असतं, पण तेच घराला नडतं. झेल घेताना बोटाच्या टोकावर चेंडू बसतो, पेराजवळची शीर तुटते आणि बोटाचं टोक खाली लोंबतं. वेळेवर पट्टी नाही बांधली तर ते कायमचं वाकडं राहतं. नोकरदाराला त्याची एक गंमत सांगता येते. पण आपल्या मैदानांवर शिंपी असतात, रिक्षावाले असतात, वायरमन, गवंडी, ट्रकच्या स्टिअरिंगवर बसणारे असतात. त्यांचं एक बोट सहा आठवडे पट्टीत गेलं तर घरातला महिना कोण ओढणार? चषक देताना या महिन्याचा हिशेब कोणी करत नाही.

आणखी एक गोष्ट आपण एकमेकांना सांगत नाही. चाळिशी-पन्नाशीच्या संघात बऱ्याच जणांच्या खिशात गोळ्या असतात. कोणाची अँजिओप्लास्टी झालेली असते आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते. अशा माणसाला मांडीवर कडक चेंडू लागला तर आतल्या आत मोठा रक्तसाठा होतो, आणि डोक्याला लागला तर ती थेट इस्पितळाची बाब असते, मग बाहेरून काही दिसो वा न दिसो. मधुमेही माणसाची पायाची जखम लवकर भरत नाही, आणि कित्येकदा पायाला बधिरता असल्याने ती लागलेलीही कळत नाही. अशांनी खेळू नये, असं मी म्हणत नाही. उलट डॉक्टरांना विचारून त्यांनी खेळलंच पाहिजे. पण त्यांना खेळता यावं अशी सोय चेंडूने करायची असते.

डोळ्यांचं तर वेगळंच. वयाबरोबर बाहुली लहान राहू लागते, आत जाणारा उजेड कमी होतो, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर सगळं धुरकट दिसतं. आमच्याकडे जमीन जांभ्याची, माती लाल. त्यावर लाल किंवा तपकिरी टेनिस बॉल म्हणजे विटेच्या भिंतीपुढे वीट शोधण्यासारखं आहे. तो खाली टप्पा पडल्यावर वयस्क डोळ्याला क्षणभर दिसेनासाच होतो, आणि घोटा नेमका त्याच क्षणी सापडतो. अशा मैदानावर पोपटी पिवळाच चेंडू घ्यावा. हिरव्या टर्फवर रात्री दिव्याखाली खेळत असाल तर दोन-तीन रंगांचे चेंडू नेऊन आधी बघून घ्यावं, कारण दिवे कुठल्या बाजूने येतात त्यावर बरंच ठरतं. ज्यांचा चष्मा बायफोकल आहे, त्यांना पायाजवळचा चेंडू वाचायच्या भिंगातून दिसतो आणि अंधूक होतो. त्यांनी खेळायला फक्त लांबचा नंबर असलेला आणि पॉलिकार्बोनेट काचेचा वेगळा चष्मा करून घ्यावा. टेनिस बॉलही डोळ्याला दुखापत करू शकतो, हे विसरू नये.

आता जे आक्षेप घेतले जातात त्यांच्याकडे येतो, कारण ते अगदीच हवेतले नाहीत.

पहिला आक्षेप इज्जतीचा. "सीझन बॉल म्हणजे खरं क्रिकेट, टेनिस म्हणजे पोरांचा खेळ." या बोलण्यामागे एक अभिमान आहे आणि तो मला समजतो. चिपळूणजवळच्या कालुस्ते गावात जन्मलेले गुलाम पारकर १९८२ साली लॉर्ड्सवर भारताकडून कसोटी खेळले, ही गोष्ट आमच्या भागात आजही छाती फुगवून सांगितली जाते. जगात पन्नाशीच्या आणि साठीच्या पुढच्यांचे विश्वचषकही सीझन बॉलवर होतात. पण ते खेळाडू आयुष्यभर त्याच चेंडूवर वाढलेले असतात, तयार खेळपट्टीवर खेळतात आणि पूर्ण साहित्य घालून खेळतात. आपल्यापैकी बहुतेक जण लहानपणापासून टेनिस बॉलच खेळलो. चाळिशीत एकदम सीझन हातात घेणं म्हणजे परंपरा चालवणं नव्हे, ती नव्याने सुरुवात आहे, आणि तीही चुकीच्या वयात. राहिला टेनिस बॉल पोरखेळ असल्याचा मुद्दा. मार्च २०२४मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग भरली. लाखोंची बोली लागली ती या 'पोरखेळा'वर. टेनिस बॉल क्रिकेट हे महाराष्ट्राचं स्वतःचं कसब आहे. त्याला कमी लेखण्याचं कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "लाइट चेंडू लांब जात नाही. त्याला मारायला जास्त ताकद लागते, आणि वय झालेल्यांकडे तीच नसते. हेवी नुसता टायमिंगवर जातो." हे खरं आहे. हलका चेंडू हवेत लवकर मरतो. पण यावर उपाय चेंडू जड करणं हा नाही, सीमारेषा आत आणणं हा आहे. चुन्याची फक्की आणि दोरी आपल्याच हातात असते. सीमारेषा दहा पावलं आत घेतली की फलंदाजाला त्याचा चौकार मिळतो, क्षेत्ररक्षकाला कमी धावावं लागतं आणि लांबून फेकताना निखळणारा खांदाही वाचतो. जड चेंडूने फक्त फलंदाजाचा फायदा होतो आणि त्याची किंमत उरलेले अकरा जण मोजतात.

तिसरा आक्षेप असा की दुखापती चेंडूने कमी आणि धावण्याने जास्त होतात. पोटरी धरते, घोटा मुरगळतो, मांडीची शीर ताणते. अगदी बरोबर. दहा मिनिटं अंग मोकळं केल्याशिवाय उतरूच नये, आणि छातीत दडपण आलं तर षटक पूर्ण करायची वाट बघू नये. पण धावणं ज्याचं त्याला कमी करता येतं. समोरून येणारा चेंडू कमी करता येत नाही. म्हणून तो आधीच ठरवावा लागतो.

आता जी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते ती सांगतो. आपल्याकडचे बरेचसे सामने मिश्र असतात. ईदच्या दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या निमित्ताने, आखातातून सुट्टीवर आलेल्यांसाठी. एका संघात सोळा वर्षांचा पुतण्या आणि छप्पन्न वर्षांचे चाचा. पुतण्याच्या हातात जड चेंडू असेल तर दोघांचीही कोंडी होते. पोराला चाचांना जोरात टाकायला भीती वाटते आणि हळू टाकायला लाज वाटते. चाचांना "जरा हळू टाक रे" म्हणायची लाज वाटते. मग पोरगा मुद्दाम सोपा चेंडू टाकतो, चाचा तो मारतात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि चाचांना आतून कळतं की ही टाळी खेळाची नाही, वयाची आहे. असं दोन-तीनदा झालं की चाचा खुर्ची घेऊन मैदानाबाहेर बसतात. कोणी विचारलं तर गुडघ्याचं नाव सांगतात.

हलका चेंडू ही कोंडी सोडवतो. पोरगा जीव तोडून टाकू शकतो आणि चाचा मनापासून खेळू शकतात. त्रिफळा उडाला तर खराखुरा उडतो, षटकार गेला तर खराखुरा जातो. कोणी कोणावर मेहेरबानी करत नाही. वयस्क माणसाचा मान राखायचा तर त्याला सोपा चेंडू टाकू नका, त्याला खेळता येईल असा चेंडू आणा.

उर्दू आणि मराठी शिकवताना मुलांना दोन शब्द मी नेहमी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवतो, शौक आणि शोक. पहिला म्हणजे आवड, दुसरा म्हणजे दुःख. फरक एका मात्रेचा. चाळिशीनंतरच्या खेळातही फरक एवढाच असतो. पाकिटावरचं 'लाइट' वाचायचं राहून 'हेवी' घरी आला, इतक्या लहान गोष्टीवर शौक कुठल्या बाजूला जाईल ते ठरतं.

मग निवड करायची कशी? मोठं शास्त्र लागत नाही.

पहिलं, वजन. पाकिटावर विश्वास न ठेवता किराणा दुकानाच्या काट्यावर चेंडू ठेवा. साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास असेल तर पन्नाशीच्या पुढच्यांसाठी उत्तम. शंभरीच्या पुढे गेला तर तो तुमचा चेंडू नाही.

दुसरं, दाब. दोन्ही अंगठ्यांनी जोर लावा. चेंडू थोडा दबला पाहिजे. दगडासारखा वाटला तर परत ठेवा.

तिसरं, उसळी. टेनिसच्या नियमात चेंडू २५४ सेंटिमीटरवरून सोडला की १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा लागतो, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त. तोच हिशेब दुकानाच्या फरशीवर लावा. खांद्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू कमरेच्या जरा खाली यावा. छातीला आला तर टर्फवर तो नाकाला येईल.

चौथी आणि माझ्या मते खरी परीक्षा झेलाची. संघातल्या सर्वात वयस्क माणसाला उभं करा आणि उघड्या हातांनी दहा उंच झेल घ्यायला सांगा. दहाव्या झेलानंतर त्याने हात झटकले किंवा काखेत दाबले तर चेंडू बदला. त्याने "अजून टाक" म्हटलं तर चेंडू ठरला.

चेंडूचं वयही बघावं लागतं. लव झिजून टक्कल पडलेला टेनिस बॉल घसरत, सपाट आणि वेगात येतो. पैसे वाचवायला तोच चालवू नका, डावाला एक नवा चेंडू एवढं तरी ठेवा. दव पडलेल्या गवतावर लव पाणी पिते, हलका चेंडूही जड होतो, तेव्हा सुका बदली चेंडू जवळ असू द्या. टेप शक्यतो नकोच. आणि बॅट चेंडूला साजेशी हवी. हलक्या टेनिस बॅटने हेवी चेंडू मारत राहिलात तर झटका मनगटातून कोपरापर्यंत जातो आणि सोमवारी चहाचा कप उचलताना कळतो.

एवढं सांगूनही कोणाला सीझनच खेळायचा असेल तर त्याने जरूर खेळावा, पण पूर्ण शर्तीवर. प्रत्येक फलंदाजाला हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज, गार्ड, यष्टिरक्षकाला नीट ग्लोव्हज, आणि बॅटजवळ कोणीही क्षेत्ररक्षक उभा नाही. हे परवडत नसेल तर सीझन बॉलही परवडत नाही, असं समजावं.

शेवटचं म्हणणं आयोजकांसाठी. '४० प्लस'च्या पत्रिकेत प्रवेश फी असते, बक्षिसाची रक्कम असते, 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' हे असतं. त्यात आणखी एक ओळ घाला: कोणत्या जातीचा, किती ग्रॅमचा आणि कोणत्या रंगाचा चेंडू. त्यावरून संघांना सराव करता येईल, आणि ज्याच्या खिशात गोळी आहे त्याला उतरायचं की नाही हे आधी ठरवता येईल. पन्नाशीच्या वरच्या गटाला चेंडू वेगळा द्या. सीमारेषा आत घ्या. आणि 'सर्वात वेगवान गोलंदाज' या बक्षिसाऐवजी 'सर्वात वयस्क झेल' असं बक्षीस ठेवून बघा. एका चषकाने संघ कसा निवडला जातो तेच बदलेल. आज पंचावन्नच्या माणसाला संघात घेतात ते बारावा म्हणून. उद्या त्याच्यासाठी दोन संघ भांडतील.

घरातल्या पोरांनाही एक सांगणं आहे. अब्बांसाठी वाढदिवसाला महागडी बॅट आणण्याआधी अर्धा डझन चांगले हलके चेंडू आणा, आणि त्यातला एक टाकायला स्वतः मैदानात जा.